तळ्याचा सांगावा

८ मार्च १९८७

भिमाबाई आत्या माझ्याशी बोलत नाही. तिचं जर्मनचं ताट मी पळवलं, मधोमध भोक पाडलं आणि त्याचे चार भाग करून दोन काळे, दोन पांढरे रंगवले. आधीची चकती दोरी तुटून तळ्याच्या बुडाला गेली, मी तरी काय करणार? चकतीशिवाय पाण्याची नितळता मोजता येत नाही. दोरीला बांधून सोडायची आणि कुठवर दिसते ते पाहायचं, इतकं सोपं काम. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "माझ्या ताटात जेवायचं सोडून तळ्याला जेवू घालतीस का?"

पुरस्काराचा कागद आज कॉलेजात परत वाचला. विद्यापीठाचा तलावविज्ञानाचा विद्यार्थी संशोधन पुरस्कार. कोणताही एक तलाव, जून ते मे असे बारा महिने, दर महिन्याला ठरल्या तारखेची नोंद. पहिल्या नंबराला एम.एस्सी.ला थेट प्रवेश आणि दोन वर्षं वसतिगृह. बाकीच्यांना प्रमाणपत्र आणि टाळ्या. माझ्या नऊ नोंदी झाल्या, तीन राहिल्या. आण्णांनी एकदाच काय ते सांगून टाकलंय, "पैला नंबर आला तर औरंगाबाद. न्हाय तर डी.एड. कर, शाळंवर लाग." मला पोरांना पाढे म्हणायला लावायचं नाही. मला तळी पाहिजेत. या जिल्ह्यात राहून असं म्हणणं म्हणजे वाळवंटात राहून होड्या विकण्यासारखं आहे, पण पाहिजेत.

१५ मार्च

दहावी नोंद झाली. चकती हातभर खालीच दिसेनाशी झाली. पाणी हिरवं, दाट. थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर जत्रा भरलेली. पाणी आटत चाललंय तसे त्यातले जीव दाटीवाटीनं वाढतायत. हे जानेवारीपासून दिसतंय, पण मे महिन्यापर्यंतचे आकडे हातात आल्याशिवाय ठासून म्हणता येणार नाही.

होडी नेहमीप्रमाणे हिंमतरावांनी दिली. ते आमच्या सावळवाडीच्या मत्स्यव्यवसाय संस्थेचे चेअरमन. तळ्यात संस्थेचे रोहू-कटला आहेत. "काय डॉक्टरीनबाई, आज कुनाची नाडी बगितली?" म्हणाले. माणूस थट्टेखोर आहे, पण होडीला कधी नाही म्हणाला नाही.

२ एप्रिल

आज पाणी कालव्याच्या दाराखाली गेलं. पाटबंधाऱ्याच्या भाषेत याला मृतसाठा म्हणतात. पाणी पुष्कळ असतं, फक्त आपल्या पायानं कालव्यात जात नाही, इतकाच अर्थ.

पुरस्काराच्या कागदात शेवटी एक अट आहे, आपली निरीक्षणं गावाला सांगावीत. म्हणून पंचायतीबाहेरच्या वार्ताफलकावर खडूनं लिहिलं: "सावळवाडी तलाव आजपासून मृतसाठ्यात गेला आहे. – विशाखा, बी.एस्सी. (शेवटचे वर्ष)". अक्षर फार सुरेख आलं. चार पावलं मागं जाऊन दोनदा पाहिलं.

३ एप्रिल

माय सकाळी पाणी घेऊन इतक्या लवकर परतली की मला वाटलं घागर फुटली. "घाट मोकळा हाय. चिटपाखरू न्हाय," म्हणाली. गावातल्या विहिरी आटल्यापासून सगळं गाव तळ्याचंच पाणी पितं, आणि घाटावर आमच्या वस्तीचा नंबर कधी लागतो हे काही लिहायला नको. आज ती पहिल्यांदाच पहिली होती. दुसरी खेपही करून आली.

दुपारी कारण कळलं. फलक कुणीतरी मोठ्यानं वाचला, 'मृत' एवढाच शब्द लोकांच्या कानात राहिला आणि गावभर झालं, तळं मेलं. चावडीमागच्या गौराबाईनं भरलेले रांजण ओतून दिले, घर सारवलं. पारावर वाद, सुतक किती दिवसांचं? तळं कुणाच्या भावकीतलं हे ठरेना, म्हणून सगळ्या गावानंच धरलं. शेतातल्या लांबच्या विहिरीवरून पाणी आणतायत.

मी पोट धरून हसले. मग जाऊन खाली लिहिलं, "मृतसाठा म्हणजे पाणी मेले असे नव्हे." गौराबाई तिथंच उभी होती. "माझी सासू गेली तवा पोरं बी असंच म्हनत हुती," म्हणाली, "गेली न्हाय म्हनून."

माय संध्याकाळी म्हणाली, "ऱ्हाऊ दे चार दिस मेलेलं. तुजं काय जातंय?"

५ एप्रिल

कॉलेजहून उतरले तेव्हा आण्णा स्टँडवरच्या हॉटेलात डाक देत होते. ते गावचे पोस्टमन. हिंमतराव चहा पीत बसलेले. सगळ्यांदेखत म्हणाले, "ज्ञानोबा, लई वर्सांनी तुमच्या घरातनं गावाला मयताचा सांगावा आला बगा." हॉटेल हसलं. मलाही हसू आलं. तळ्याचं मयत!

आण्णा हसले नाहीत. पुढचं पाकीट काढून ज्याचं त्याला दिलं. घरी येऊन खाकी टोपी खुंटीला लावली आणि जेवलेच नाहीत. ऊन लागलं म्हणाले.

८ एप्रिल

आता मस्करीची कुस्करी झालीय. जळकोटच्या बाजारातून संस्थेचे मासे परत आले. मेलेल्या तळ्यातले मासे कोण घेणार? हिंमतरावांनी मला संस्थेच्या खोलीवर बोलावलं. आज डॉक्टरीणबाई वगैरे काही नाही.

"होडी मिळायची न्हाय. आदी गावात फिरून सांग, तळं जित्तं हाय म्हनून. घरोघर. सांगावा आनला तसा माघारी ने."

मी तिथल्या तिथं हो म्हटलं. चूक माझ्या शब्दाची, दुरुस्तीही मीच केली पाहिजे. एक सकाळ खर्ची पडेल. दारात उभं राहून म्हणायचं वाक्यही मनात जुळवलं. यालाच तर विज्ञानप्रसार म्हणतात.

९ एप्रिल

आण्णा नाही म्हणाले. सायकलचं पंक्चर काढत होते, मान वर न करता म्हणाले, "दारोदार फिरायचं न्हाय. तेवढं सोडून काय बी कर."

मी समजावून सांगितलं. पंधरा तारखेला होडी मिळाली नाही तर एप्रिलची नोंद बुडणार, नोंद बुडाली की नंबर बुडणार. नंबर बुडाला तर मग तुमचंच डी.एड. ते म्हणाले, "बुडू दे."

बुडू दे! वर्षभर उन्हातान्हात मी तळ्यात उभी राहिले ती यासाठी? माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुम्ही तरी काय करता? मयताच्या तारा दारोदार तुम्हीच नेऊन देता की."

त्यांचा हात थांबला. मग म्हणाले, "ते सरकारचं काम हाय. सही घिऊन देतो." आणि ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघत बसले.

माझा मुद्दा बरोबर होता. तरी रात्री भाकरी ताटात तशीच ठेवून उठले, त्याचं कारण मला सांगता येणार नाही.

११ एप्रिल

आत्या बोलली. ताट विसरून नव्हे, ताटासकट.

मी आण्णांच्या हट्टाबद्दल कुरकुरत होते. ती तूर पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "सांगावा म्हंजी काय, ठावं हाय का तुला? गावात कुनी मेलं की पैली हाक आमच्या दारात. आमचा बाप ताटावरनं उटायचा. माकणी म्हनू नका, अणदूर म्हनू नका, पायी जायाचं. सोयऱ्याच्या वाड्याबाहीर उबं ऱ्हाऊन वरडायचं, अमका गेला वो. आत रडारड सुरू. ह्येनं तसंच उनात उबं ऱ्हायाचं, वरनं भाकर टाकत्याल तवर. पानी मागायचं न्हाय. येताना वाटंत तळं लागायचं. त्येला बी शिवायचं न्हाय."

म्हटलं, "हे बंद झालं ना पण?"

"छप्पन साली बंद केलं. धम्म घेतला आन् समद्यांनी ठरिवलं, मेलेलं ढोर वडायचं न्हाय, सांगावा न्यायचा न्हाय. त्येच्या आदल्या उन्हाळ्यात बाप तापानं फणफणला हुता. मंग ज्ञानोबाच गेला, एकला. चौदाचं पोरगं."

"मग?"

"मग काय. लहान हाय म्हनून भाकर बी अर्दीच टाकली."

आत्यानं सूप उचललं. आण्णांनी हे मला कधी सांगितलं नाही. तारांवरून मी जे बोलले ते मला परत घ्यावंसं वाटतं, पण बोललेलं परत कसं घेतात ते माहीत नाही. माफी मागायला गेले तर आत्यानं सांगितल्याचं कळेल. मला फार वाईट वाटतंय. एवढंच.

१४ एप्रिल

जयंती. वस्तीतून मिरवणूक निघाली, आण्णा पांढऱ्या सदऱ्यात पुढं. माझ्याशी नेहमीसारखंच बोलले, उलट मुंबईच्या पाहुण्यांना "आमची विशाखा तळ्यावर संशोदन करती" असं सांगितलं.

हिंमतरावांचा निरोप आलाय. सगळं गाव नको, चावडीच्या आळीतली घरं केली तरी चालेल, उद्या होडी घेऊन जा. खरं लिहायचं तर मन झालं. आण्णा डाक आणायला जातात तेवढ्या वेळात उरकेल, त्यांना कळणारही नाही. आत्यानं सांगितलेलं सगळं ऐकूनही मन झालं. नंबर ही अशी वस्तू आहे.

१५ एप्रिल

गेले नाही.

बांधावर बसून राहिले. माझी नोंदीची जागा तळ्याच्या मध्यावर. काठाचं पाणी घेऊन मधलं म्हणून चालत नाही. होडी समोर खुंट्याला बांधलेली. आण्णा डाक घेऊन बांधावरून गेले, सायकलवरून उतरले, माझ्याजवळ थोडा वेळ उभे राहिले. मग परत सायकलवर बसून डाक वाटायला गेले.

१७ एप्रिल

शांतलिंग सरांना सांगितलं. ते आमचे प्राणिशास्त्राचे सर, माझे मार्गदर्शक. मनानं फार चांगले. म्हणाले, "मार्च आणि मे यांच्या मधला आकडा टाका. कुणाला कळतंय? तळंही तक्रार करणार नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या दिवशी मी तळ्यात नव्हते त्या दिवशी तळ्यात काय होतं ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही ते मी लिहिणार नाही. एवढं तोंडावर बोलले. सर म्हणाले, "मग रिकामी जागा ठेवा. पण परीक्षक त्या जागेकडंच बघतील."

बघू देत.

२४ एप्रिल

हिंमतराव आमच्या घरी आले. आमच्या घरी म्हणजे अंगणात, बाजेच्या कडेला टेकले. मायनं चहा विचारला तर आताच झाला म्हणाले. मासे विकत नाहीत, बायका लांबच्या पाण्यानं टेकीला आल्यात, आणि फलकावरचं कुणी मानत नाही. आता जिनं सांगितलं तिच्याच तोंडून ऐकायचं म्हणतात सगळे.

आण्णा म्हणाले, "ती बोलंल. शाळंच्या खोलीत, खुर्चीवर बसून. ज्येला आईकायचंय त्येनं यावं."

"लोक येत्याल व्हय ज्ञानोबा?"

"मासे इकायचे असले तर येत्याल."

२६ एप्रिल

आले. खोली भरली, खिडक्यांतही माणसं. शांतलिंग सर मुद्दाम तालुक्याहून आले. मी खुर्चीवर. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते, हे बहुतेक कुणाला दिसलं नसावं.

मी बरी बोलले. मृतसाठा हा हिशेबातला शब्द आहे, पाण्याला तो लागत नाही असं सांगितलं. उलट मार्चच्या थेंबात जूनच्या कितीतरी पट जीव होते, मेलेल्यात इतकी वस्ती कशी असेल? लोक हसले. सूक्ष्मदर्शकातून पोरांनी पाहिलं, म्हाताऱ्यांनी पाहिलं. हिंमतराव मान डोलवत होते.

मग पुढं बसलेली गौराबाई म्हणाली, "आसं व्हय. मंग पिऊन दाव."

मी याची वाटच पाहत होते. तळ्याचं पाणी सकाळीच आणून तुरटी फिरवून, गाळून ठेवलं होतं. शाळेचा स्टीलचा पेला भरला, अर्धा प्याले आणि उरलेला तिच्यापुढं केला. "घ्या. आता तुम्ही बघा."

गौराबाईनं पेल्याकडं पाहिलं. मग हिंमतरावांकडं. हिंमतरावांनी खिडकीकडं पाहिलं.

"पटलं गं बाई, पटलं," ती म्हणाली.

"पटलं, पटलं," सगळी खोली म्हणाली. जो तो उठून उभा राहिला, चपला शोधायला लागला. माझा निष्कर्ष इतक्या झटपट आजवर कुणी मान्य केला नव्हता. सुतक त्या क्षणी फिटलं. त्यांना पाण्याची भीती होती की पेल्याची, हे मोजायचं साधन माझ्याकडं नाही. मला फक्त माझा हात दिसत होता, पेला धरून पुढं केलेला.

मागच्या भिंतीपासून आण्णा आले. गर्दी बाहेर जात होती, ते आत येत होते. पेला माझ्या हातातून घेतला, सावकाश प्याले, तोंड पुसलं. "पानी ग्वाड हाय," म्हणाले. सर "मलाही द्या" म्हणत टेबलाशी आले, तोवर पेला रिकामा झाला होता.

मी रडले नाही. घरी येऊन रडले.

२७ एप्रिल

माय घागर घेऊन तासभरानं आली. "झाली का रांग पयल्यासारखी. बरं चाललं हुतं मेलेलं."

१५ मे

होडी मिळाली. हिंमतरावांनी स्वतः दोर सोडला, थट्टा केली नाही. तळं आता मोठ्या डबक्याएवढं. चकती वीतभरही दिसत नाही. आणि जीव? मोजता मोजता डोळे दुखले. वर्षातला सगळ्यात मोठा आकडा मृतसाठ्यातला. माझं म्हणणं अकरा नोंदींवर उभं आहे. एप्रिलपुढं एक रेघ मारली. "या महिन्यात तळ्यात जाता आले नाही" एवढंच लिहिलं.

२० जून, औरंगाबाद

मुलाखत झाली. तीन परीक्षक, मधल्या बाई फार हुशार. पाऊण वेळ त्यांनी माझ्या मे महिन्याच्या आकड्यांवर प्रश्न विचारले आणि मला वाटलं, जिंकलं. मग त्यांनी पान उलटलं. "एप्रिल का नाही?"

काय सांगायचं ते मी बसमध्ये ठरवून आले होते, होडी मिळाली नाही म्हणून. ते खरंही होतं. पण सांगितलं वेगळंच. म्हटलं, "होडीसाठी एक अट होती. ती पाळण्यासारखी नव्हती."

"कसली अट?"

"दारोदार जाऊन सांगावा द्यायची."

दोघांना काही कळलं नाही. बाईंनी मात्र मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी निकाल लागला. पहिला नंबर नांदेडकडच्या एका मुलाचा. त्याच्या बारा नोंदी आहेत. मी दुसरी. मी आणि शांतलिंग सर बाहेर उभे होतो, तिथं बाई भेटल्या. म्हणाल्या, "तुझं काम जास्त चांगलं होतं. नियम बारा नोंदींचा आहे, माझा इलाज नव्हता. गुणांवर अर्ज कर, मी तिथं आहे." माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हातानं मला जास्तच रडू आलं.

२१ जून

रातराणीनं सकाळी तुळजापूर, तिथून गाव. शांतलिंग सर गावापर्यंत आले सोबतीला. आण्णा स्टँडवर उभेच होते. मी प्रमाणपत्र दाखवलं, दुसरा नंबर म्हणून सांगितलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरून उन्हात नीट वाचलं. मी टपावरून सामान उतरवून घेतलं, मग स्टँडमागं तोंड धुवायला गेले. तेवढ्यात सर आणि आण्णा हॉटेलात चहा घेत बसले. परत आले तर सर आण्णांना काहीतरी सांगत होते, मला पाहून थांबले. सर परतीच्या गाडीनं गेले. आण्णांनी माझी पेटी सायकलला बांधली.

बांधावरून चालत येताना म्हणाले, "एप्रिलमुळं गेला का नंबर?"

वर्षभरात एक आकडा मी मनाचा लिहिला नाही. सरांनी सांगितलं तरी लिहिला नाही. म्हटलं, "नाही हो आण्णा. त्याचं काही नाही. त्या मुलाला इंग्रजीत छान बोलता येत होतं. माझी बोलताना गडबड झाली."

आण्णांनी सायकल दुसऱ्या हातात घेतली.

"आसं," म्हणाले. "मंग बोलायची तयारी कर. एम.एस्सी.चा अर्ज उद्याच भरू."

डी.एड.चं नाव नाही! खरंच वाटलं त्यांना. माझा जीव भांड्यात पडला.